ढकललं की ओढलं

आमच्या मॅडमना डावं-उजवं पटकन कळत नसे. हे मी चेष्टेने सांगत नाही. टॅक्सीवाल्याला तोंडाने ‘उजवीकडे घ्या’ म्हणायच्या आणि हात डावीकडे दाखवायच्या. शहाणा चालक हाताकडे बघून गाडी वळवायचा. त्यात त्यांचा विषय मेंदू. मेंदूचा डावा भाग उजवा हात चालवतो आणि उजवा भाग डावा, म्हणजे मुळातच उलटंपालटं. म्हणून प्रयोगशाळेच्या दोन भिंतींवर मीच रंगाने ‘डावी’ आणि ‘उजवी’ असं ठळक लिहून ठेवलं होतं. पाहुणे विचारायचे, हे कशासाठी? मी म्हणायचो, प्रयोगाचा भाग आहे.

मी त्यांच्याकडे बावीस वर्षं होतो. वायरी जोडणं, यंत्रं दुरुस्त करणं, स्क्रू पिळणं ही माझी कामं. खिशात कायम पक्कड, म्हणून सगळे मला पक्कडराव म्हणत. मॅडमसुद्धा.

मॅडम मेंदूच्या संशोधनात शिरल्या त्याही गोंधळातूनच. त्या खरं तर गणिताच्या. कॉलेजात एका लांब मार्गिकेच्या शेवटी दोन वर्ग समोरासमोर होते, एकात संख्याशास्त्र, दुसऱ्यात जीवशास्त्र. पहिल्या दिवशी त्या चुकीच्या वर्गात जाऊन बसल्या. प्राध्यापकांनी कर्ण्यातून एक आवाज ऐकवला, तडतड, तडतड, तव्यावर मोहरी उडावी तसा. म्हणाले, ही एका प्राण्याच्या मेंदूतली एक पेशी आहे. तो हात पुढे करायच्या बेतात असला की ती अशी बोलते. मॅडमना वाटलं, संख्याशास्त्राचे मास्तर उदाहरण देताहेत. दोन दिवस त्या तिथेच बसत राहिल्या. तिसऱ्या दिवशी हजेरीत नाव नाही म्हटल्यावर चूक लक्षात आली, पण तोवर त्यांना त्या तडतडीचा अर्थ लावायची खाज सुटली होती.

त्यांच्या आईला हे कधी पटलं नाही. आई निवृत्त शिक्षिका, मॅडमकडेच राहायच्या. मी घरी काही पोचवायला गेलो की मला विचारायच्या, “पक्कडराव, ही नक्की करते काय हो?”

मी म्हणायचो, “माणसाने नुसतं मनात आणलं की यंत्राचा हात हलेल, असं काहीतरी.”

“मनात काय आहे ते हिला कळतं?” आई हसायच्या. “काल चष्मा फ्रिजमध्ये ठेवून घरभर शोधत होती. स्वतःच्या मनातलं कळत नाही ते दुसऱ्याचं कळणार!”

मॅडम रागवायच्या नाहीत. चष्मा काढून, पुसून, पुन्हा डोळ्यांवर चढवून म्हणायच्या, “आई, म्हणून तर शोधतेय.”

पहिली चौदा वर्षं प्राण्यांवरच्या प्रयोगांत गेली. मग माणसावर प्रयोग करायची परवानगी आली आणि तिच्या पाठोपाठ पाववाले काका आले.

काकांची बेकरी होती. पिठाचं पोतं घेऊन जिना उतरताना पाय घसरला आणि मान मोडली. मानेखालचं सगळं गेलं. खांदे थोडे उडवता येत, बोलता भरपूर येई. चाकांच्या खुर्चीत बसून ते हनुवटीने कळ दाबत फिरायचे. सहा वर्षं काकू त्यांना भरवत, अंग पुसत, कूस बदलत. मॅडमनी दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. कवटी उघडावी लागेल, मेंदूच्या पृष्ठभागावर शर्टाच्या बटणापेक्षा लहान पट्टी बसवू, तिला शंभर बारीक सुया, डोक्यावर एक जोड राहील, त्यातून वायर. धोका आहे. काका बरे मात्र होणार नाहीत, हेही त्यांनी तीनदा सांगितलं.

काका म्हणाले, “डॉक्टरबाई, माझ्या डोक्यात आजवर कोणाला काही सापडलेलं नाही. तुम्ही बघा.”

“मी औषधं देणारी डॉक्टर नाही हो.”

“मग तर बरंच. कडू काही प्यायला नको.”

सही काकूंनी केली, काकांच्या वतीने, आणि सही करून झाल्यावर कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला.

शस्त्रक्रिया नीट झाली. मग शिकवणी सुरू झाली. खुर्चीच्या बाजूला लोखंडी खांबावर यंत्राचा हात. काका त्याच्याकडे बघत आपलाच हात हलतोय अशी कल्पना करायचे, आणि त्यांच्या पेशींची तडतड टिपून त्यातून अर्थ काढणारा प्रोग्राम शिकत जायचा. त्या प्रोग्रामला आम्ही ‘दुभाष्या’ म्हणायचो. हा दुभाष्या भारी विसराळू. कालचं शिकलेलं आज निम्मं चालायचं नाही, कारण मेंदूत सुया किंचित सरकतात, पेशी बदलतात. रोज सकाळी पाव तास त्याची उजळणी घ्यावी लागे.

आठव्या महिन्यात काकांनी यंत्राच्या हाताने एक पाव उचलला आणि त्याचा भुगा केला.

“ताजा नव्हता,” काका म्हणाले.

काकू तोंडाला पदर... नाही, रुमाल लावून हसत होत्या. चूक माझीच, मला सांगताना घाई होते. रुमाल होता. तो त्यांच्या हातात कायम असायचा, काकांची हनुवटी पुसायला.

पुढे कप जमला. कप पकडायचा, तोंडाशी आणायचा, नळीने प्यायचं, पुन्हा खाली ठेवायचा. दीड वर्षात काका हे दहापैकी आठ वेळा करत होते. दुसऱ्या संस्थांतले लोक बघायला येऊ लागले. मॅडमना भाषणांची आमंत्रणं आली. एकदा तर भलत्याच शहरात जाऊन उतरल्या, पण तो किस्सा वेगळा.

आणि मग तो बुधवार.

दुपारची वेळ. खोलीत आम्ही चौघेच, मॅडम पडद्यासमोर, मी हाताच्या खांबाजवळ, काका खुर्चीत आणि काकू शेजारच्या स्टुलावर. काका कॉफी प्यायले, त्यांनी कप खाली ठेवला. हनुवटीवर थेंब होता. काकू नेहमीप्रमाणे उठल्या आणि रुमाल पुढे केला. तेवढ्यात यंत्राचा हात वर आला आणि त्याने काकूंच्या खांद्याला मागे लोटलं. जोर फार नव्हता, तो आम्ही आधीच बांधून ठेवला होता. पण काकू बेसावध. स्टुलावर आदळल्या, चष्मा जमिनीवर. मी लाल बटण दाबलं. हात होता तिथे हवेत थांबला.

मॅडम पडद्यासमोरून उठून आल्या.

“मी नाही,” काका म्हणाले. “अगं, मी नाही. शप्पथ. तो आपोआप गेला.”

“लागलं का?” मॅडमनी काकूंना विचारलं.

काकूंनी चष्मा उचलला, काचा बघितल्या, डोळ्यांवर लावला. मग काकांकडे बघितलं, मग त्या हाताकडे, मग पुन्हा काकांकडे. “नाही लागलं,” म्हणाल्या. “घरी जाऊ या.”

प्रयोग त्याच संध्याकाळी थांबवला गेला. दुसऱ्या दिवशी संस्थेच्या संचालकांनी आम्हाला बोलावलं. टेबलावर अपघाताचा फॉर्म. त्यात एक रकाना होता, कारण: यंत्राचा दोष किंवा वापरणाऱ्याची चूक. दोनच चौकोन, एकावर खूण करायची.

संचालक मला म्हणाले, “पक्कडराव, एखादी वायर सैल असेल ना? होतं असं. वायर सैल, यंत्रदोष, वायर घट्ट केली, विषय संपला.”

वायर सैल नव्हती हे मला माहीत होतं, सकाळी मीच प्रत्येक जोड तपासला होता. पण ‘होती’ म्हटलं तर सगळे सुटत होते. काका सुटत, मॅडम सुटत, प्रयोग चालू राहत होता. मी बोलायला तोंड उघडलं.

“वायर सैल नव्हती,” मॅडम म्हणाल्या.

“मग काय होतं?”

“माहीत नाही.”

“अहो, काहीतरी लिहावं लागेल!”

“वायर सैल नव्हती एवढंच मला माहीत आहे. बाकीचं कळलं की लिहीन.” आणि फॉर्म घेऊन उठल्या. दाराबाहेर पडल्यावर चुकीच्या बाजूला वळल्या, मी त्यांना परत फिरवलं.

मॅडमनी पहिला संशय स्वतःवर घेतला. आपणच कुठेतरी डावं-उजवं उलटं लिहिलं असेल. आम्ही वायरींवरच्या आणि प्रोग्राममधल्या सगळ्या पाट्या तीनदा तपासल्या. बरोबर होत्या. मग त्यांनी त्या दुपारची नोंद उघडली. हात हलायच्या थोडं आधी काकांच्या मेंदूतल्या पेशी जोरात बोलल्या होत्या, हे स्वच्छ दिसत होतं. म्हणजे हात आपोआप गेला नव्हता. काकांच्या डोक्यात काहीतरी उठलं होतं, आणि दुभाष्याने त्याचा अर्थ लावला होता, ‘ढकल’.

“म्हणजे काका खोटं बोलले?” मी विचारलं.

“तसं नाही म्हणता येत.”

“मग खरं बोलले?”

“तसंही नाही म्हणता येत,” मॅडम म्हणाल्या आणि डोकं धरून बसल्या. इतकी वर्षं मी त्यांना अडलेलं पाहिलं होतं, पण तेव्हा पुढे काय करायचं ते तरी त्यांना ठाऊक असायचं. या वेळी त्या नुसत्या बसून राहिल्या.

दहा-बारा दिवसांनी काकू एकट्याच आल्या. मी त्यांना स्टूल दिलं, तेच. त्या बसल्या नाहीत.

“मला एकच सांगा,” त्या मॅडमना म्हणाल्या. “मला ह्यांनी ढकललं की यंत्राने?”

मॅडम समजावू लागल्या, की काकांच्या मनात वाईट नसणार, आजारपणात माणूस...

“तुम्हाला वाटतंय मला वाईट वाटलंय,” काकूंनी मध्येच तोडलं. “यंत्राने ढकललं असेल तर वाईट वाटेल. ह्यांनी ढकललं असेल तर मी घरी जाऊन कडाकडा भांडेन. आठ वर्षं भांडले नाहीये मी. सगळे म्हणतात, आजारी माणूस आहे, सांभाळून घे. आणि हे काय करतात? मी काहीही केलं तरी ‘हो गं, बरं गं.’ मीठ जास्त पडलं तरी ‘छान झालंय.’ आधी बेकरीत पिठाची घमेली आदळून भांडायचो आम्ही. गिऱ्हाईकं थांबून ऐकायची. आता कोणाशी भांडू? त्या दिवशी मला क्षणभर वाटलं, आले परत. आणि लगेच म्हणाले, मी नाही.”

मॅडम म्हणाल्या, “काकू, मला खरंच माहीत नाही.”

“एवढी वर्षं तेच शिकलात ना तुम्ही?”

“हो.”

काकू निघून गेल्या. मॅडमनी दार लावून घेतलं. मग म्हणाल्या, “पक्कडराव, माझा प्रश्नच चुकत होता का हो? मी विचारत होते चूक कोणाची. त्यांना हवंय की ती चूक नसावीच, मुद्दाम केलेलं असावं.” मी मान हलवली. मला काही कळलं नव्हतं. पण मान हलवणं बरं दिसतं.

त्यानंतर चार महिने मॅडम त्या एका क्षणाच्या मागे होत्या. ढकलण्याच्या जुन्या सगळ्या नोंदी, ओढण्याच्या सगळ्या नोंदी, शेजारी शेजारी ठेवून. शेवटी जे हाती लागलं ते त्यांनी मला कागदावर काढून दाखवलं. दुभाष्या एकदम उत्तर देत नाही. तो प्रत्येक शक्यतेला गुण देतो आणि ज्याला जास्त गुण, तेच हाताला सांगतो. त्या क्षणी ‘ढकल’ला त्रेपन्न गुण होते. ‘जवळ ओढ’ला सत्तेचाळीस.

“म्हणजे थोडक्यात हुकलं,” मी म्हटलं.

“थोडक्यात काय हुकलं, तेच तर कळत नाही,” मॅडम म्हणाल्या. “दोन्ही हालचालींची तडतड इतकी सारखी आहे म्हणून दुभाष्या घोटाळला, की काकांनाच एकाच वेळी दोन्ही करायचं होतं? नोंदीवरून नाही सांगता येत. दुसरी कुठलीही नोंद नाही.”

मग आम्ही काकांच्या घरी गेलो. दोन खोल्यांचं घर, उंबरठे काढून टाकलेले, खुर्ची फिरावी म्हणून पलंग भिंतीला लावलेला. मॅडमनी हातचं न राखता सगळं सांगितलं. त्रेपन्न आणि सत्तेचाळीससुद्धा.

काका खाली बघत होते. मग हळूच म्हणाले, “डॉक्टरबाई, तो रुमाल मला आवडत नाही.”

“काय?” काकू म्हणाल्या.

“हनुवटीवर थेंब आला रे आला की तुझा रुमाल हजर. मला वाटतं, राहू दे की दोन मिनिटं. पडू दे खाली. पण त्या दिवशी... तुझे केस डोळ्यावर आले होते. ते मागे सारावेत असंही वाटलं. आधी काय वाटलं, नंतर काय, देवाशप्पथ सांगता येत नाही. मी नाही म्हणालो, कारण हात गेला तेव्हा मी दचकलो. आपण केलेल्या गोष्टीला माणूस दचकतो का?”

“मग आठ वर्षं तोंड शिवलं होतं का तुमचं?” काकूंचा आवाज चढला. “रुमाल आवडत नाही म्हणे! सांगता येत नव्हतं?”

“कसं सांगणार? तूच सगळं करतेस!”

“म्हणजे मी करते म्हणून माझ्याशी खोटं बोलायचं?”

आणि जुंपली. शेजारीण दारात येऊन बघून गेली. मॅडम मधे पडायला निघाल्या, मी त्यांची बाही ओढली. दहा मिनिटांनी काकू दम घ्यायला थांबल्या आणि मॅडमकडे वळल्या. “त्रेपन्न टक्के राग आणि सत्तेचाळीस टक्के प्रेम म्हणा की! लग्नाच्या पहिल्या वर्षी एवढं नव्हतं.”

“काकू, त्या आकड्यांचा अर्थ तसा होत नाही,” मॅडम कळवळून म्हणाल्या.

“असू दे. माझ्यापुरता होतो.”

परतीच्या वाटेवर मॅडम मध्येच म्हणाल्या, “मी शास्त्रीयदृष्ट्या चुकीचं काहीतरी पसरवून आले.” थोड्या वेळाने, “पण त्या बऱ्या दिसत होत्या.” आणखी थोड्या वेळाने, “का बऱ्या दिसत होत्या?”

फॉर्मवर त्यांनी कुठल्याच चौकोनात खूण केली नाही. खाली तीन पानं लिहून जोडली. संचालक वैतागले, पण तीन पानं वाचायला कोणाला वेळ नसतो, त्यामुळे परवानगी परत मिळाली.

मग मॅडमनी दुभाष्या बदलला. दोन शक्यतांचे गुण जवळजवळ असतील तर त्याने कुठलंच सांगायचं नाही, हात जिथे आहे तिथे थांबवायचा आणि एक मंद दिवा लावायचा. ऐकायला सोपं आहे. पण या धंद्यात सगळ्यांची शर्यत वेगाची. किती सेकंदांत कप उचलला, किती वेळा यश आलं. आमचा हात थांबू लागल्यावर आकडे पडले. एका परिषदेत कोणीतरी मॅडमना विचारलं, “तुम्ही गोंधळणारा हात बनवला आहे का?” लोक हसले. मॅडम म्हणाल्या, “हो.” तो विनोद होता हे त्यांना जागेवर बसल्यावर समजलं.

काका सुरुवातीला चिडायचे. “माझ्यापेक्षा हाच जास्त विचार करतो! कप उचल म्हटलं तर उभा आपला.” मग एक दिवस हात असाच थांबला, दिवा लागला, आणि काकांनी काकूंना विचारलं, “अगं, मला कॉफी हवी आहे का गं?” काकू म्हणाल्या, “मला काय विचारता?” दोघं कितीतरी वेळ हसत होती. मॅडमनी ही गोष्ट वहीत लिहिली, खोडली, परत लिहिली. कुठल्या शीर्षकाखाली घालावी ते ठरेना.

पाचव्या वर्षापासून तडतड मंद होत गेली. सुयांभोवती मेंदू आपलं कातडं धरतो, व्रण होतो, आवाज पोचेनासा होतो. शंभरातल्या एकवीस सुया बोलत होत्या, मग अकरा, मग चार. हात जवळजवळ सारखाच थांबलेला. डोक्यावरच्या जोडाला दोनदा पू झाला. शेवटी सगळं काढायचं ठरलं. ते काकांना सांगायचं काम मॅडमचं.

“राहू द्या की,” काका म्हणाले. “चार आहेत ना अजून?”

“चारांनी काही होत नाही, काका. आणि संसर्ग आत गेला तर जिवावर बेतेल.”

“तुम्हाला काय वाटतं, काढावं?”

मॅडमचे डोळे भरले होते. पण बोलल्या ते ठाम. “काढावं. यात मला शंका नाही.”

काढलं. काका महिनाभर रुसले, मग पुन्हा हनुवटीने कळ दाबत फिरू लागले. रुमाल आता ते मागून घेतात, आणि कधी कधी नको म्हणतात. काकू त्यावर वाद घालतात.

मॅडमचा थांबणारा दुभाष्या पुढे दोन संस्थांनी वापरायला घेतला. त्यांच्या लेखांत मॅडमचा उल्लेख तळटीपेत एका ओळीचा आहे. त्यांच्या आईने ती ओळ भिंग धरून वाचली आणि मला विचारलं, “हे चांगलं की वाईट?” मी म्हटलं, चांगलंच असावं.

गेल्या उन्हाळ्यात काका-काकू काकूंच्या बहिणीच्या गावी राहायला गेले. सामान हलवायच्या दिवशी मॅडम आणि मी मदतीला गेलो होतो. कपाट आधी चढवायचं की पलंग, यावरून ट्रकच्या मागे उभं राहून नवरा-बायकोची जोरदार वादावादी चालली होती. हमाल दोघांकडे आळीपाळीने बघत होते. मॅडम एक खोकं उचलून मधोमध उभ्या होत्या, ते कुठे ठेवायचं हे कोणी सांगेना. शेवटी त्यांनी ते काकांच्या मांडीवर ठेवलं.

“हे काय?” काका म्हणाले.

“तुम्ही सांभाळा,” मॅडम म्हणाल्या.

ट्रक गेल्यावर आम्ही बसने प्रयोगशाळेत परतलो. साडेचारला एक नवीन बाई भेटायला यायच्या होत्या. टेलिफोनवर काम करणाऱ्या, मोटार अपघातात मान गेलेल्या, सोबत भाऊ. मॅडमनी त्यांच्यासाठी कागद काढून ठेवले होते. मी स्टूल पुसलं आणि हाताच्या खांबाच्या वायरी तपासायला घेतल्या.